तेल कंपनीचा शेअर घ्यायचाय? आधी समुद्रातली विहीर समजून घ्या



सध्या ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे त्याच्याकडे डिमॅट अकाउंट पण असतं. यवतमाळ असो, पुसद असो की वणी, केवायसी दहा मिनिटांत होतं आणि त्याच संध्याकाळी पहिला शेअर घेऊन होतो. अशा नवीन मित्रांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "कच्चं तेल वाढायला लागलंय, तेल कंपनीचा शेअर घेऊन टाकू का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर "कोणती तेल कंपनी?" यावर अवलंबून आहे. तेल महाग झालं की एका कंपनीचा नफा वाढतो आणि दुसरीचा बुडतो. आणि जिचा वाढतो तिचाही सगळा नफा शेअरहोल्डरपर्यंत येतोच असं नाही. हे का होतं ते कळायला आपण तेल जिथून निघतं तिथून सुरुवात करू. म्हणजे थेट अरबी समुद्रातून. आपल्या जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण पेट्रोल पंपावर आपण जे देतो त्याचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

एक रुपयाच्या नोटेवरचं यंत्र

घरात जुनी एक रुपयाची नोट असेल तर काढून मागची बाजू बघा. समुद्रात उभं असलेलं एक लोखंडी यंत्र दिसेल. त्याचं नाव 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेली ही ड्रिलिंग रिग १९७३ मध्ये भारतात आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात तिला तेल लागलं. हेच ते 'बॉम्बे हाय', ज्याला आता आपण मुंबई हाय म्हणतो. मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं.

वेळ पण बघा कशी होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव बॅरलला ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरच्या घरात गेला. भारताकडे डॉलर कमी, तेलाची गरज मोठी. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल सापडलं. नोटेवर त्याचं चित्र का आलं असेल, ते आता लक्षात येईल.

हे सगळं करणारी संस्था म्हणजे ओएनजीसी. १९५६ मध्ये सरकारी आयोग म्हणून ती सुरू झाली, १९९३ मध्ये तिची कंपनी झाली, आणि आज तिचा शेअर तुमच्या मोबाईलवर एका टॅपवर मिळतो. त्यामुळे या लेखात उदाहरण म्हणून आपण तीच कंपनी घेऊ.

समुद्राच्या तळातून तेल काढतात कसं?

टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा, शोध. जहाजातून समुद्रतळाकडे ध्वनिलहरी सोडतात. तळाखालच्या खडकांच्या थरांवर आपटून त्या परत येतात आणि पाण्यातले मायक्रोफोन त्या टिपतात. डॉक्टर सोनोग्राफी करतो, तसंच. मुंबई हायचा असा सर्व्हे १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियाच्या जहाजाच्या मदतीने झाला होता. या सर्व्हेतून "इथे तेल अडकू शकेल असा खडक आहे" एवढंच कळतं. तेल आहे की नाही हे भोक पाडल्यावरच समजतं, आणि एकेका भोकाला कोट्यवधी रुपये लागतात. कोरडं निघालं तर पैसे गेले. आपल्याकडे बोअर मारताना कास्तकाराच्या छातीत जशी धडधड होते, तशीच इथे पण होते, फक्त शून्य जास्त असतात.

दुसरा टप्पा, ड्रिलिंग. मुंबई हायला पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. एवढ्या खोलीत 'जॅक-अप' रिग चालते. ही तरंगत जागेवर जाते, तिचे लांब पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवतात, आणि मग अख्खा डेक पायांवर चढत लाटांच्या वर उचलला जातो. खालून फिरता ड्रिल खडक कापत जातो. पाइपमधून सतत एक खास चिखल सोडतात. तो ड्रिलला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालचा तेल-वायूचा दाब दाबून धरतो. भोक ढासळू नये म्हणून आत लोखंडी पाइप बसवून सिमेंट भरतात.

तिसरा टप्पा, उत्पादन. तेल लागलं की रिग पुढच्या जागी निघून जाते. विहिरीच्या तोंडावर छोटा प्लॅटफॉर्म उभा राहतो. अशा अनेक विहिरींचं तेल, वायू आणि पाणी यांचं मिश्रण मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर येतं, तिथे ते वेगळं केलं जातं आणि समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला पोहोचतं. तिथून पुढे रिफायनरी.

विहीर म्हातारी होते

शेअर घेणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट इथे आहे. सुरुवातीला खडकातल्या नैसर्गिक दाबामुळे तेल आपोआप वर येतं. वर्षं जातात तसा दाब कमी होतो. मग समुद्राचं पाणी शुद्ध करून दुसऱ्या विहिरींमधून खडकात ढकलतात, म्हणजे ते तेलाला रेटत पुढे नेतं. काही विहिरींत वायू सोडून तेल हलकं करतात, म्हणजे ते चढतं. हळूहळू वर येणाऱ्या मिश्रणात पाणी वाढतं आणि तेल कमी होतं. इतकं सगळं करूनही खडकातल्या तेलाचा बराच मोठा भाग खालीच राहतो.

मुंबई हायचं उत्पादन १९८० च्या दशकात शिखरावर होतं, दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या पुढे. २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजार बॅरलच्या आसपास होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने याच क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. पन्नास वर्षं जुन्या क्षेत्रातून अजून किती निघेल, हा आता इंजिनिअरिंगचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

वणीकडच्या मित्रांना हे लगेच कळेल. कोळशाची खाण कितीही मोठी असली तरी रोज जेवढं काढाल तेवढं आत कमी होतं. सॉफ्टवेअर कंपनी एकच ॲप लाखो लोकांना विकू शकते. तेल कंपनीला मात्र विकलेला प्रत्येक बॅरल परत शोधावा लागतो. नवीन साठा सापडला नाही तर कंपनी दरवर्षी थोडी लहान होत जाते, नफा कितीही छान दिसला तरी.

आणि सापडलेला साठा पण फसवू शकतो. आंध्रच्या किनाऱ्यापुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सच्या केजी-डी६ मध्ये एप्रिल २००९ ला वायू सुरू झाला. दिवसाला ८ कोटी घनमीटरचा आराखडा होता. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या पुढे चढलं आणि मग घसरतच गेलं. तिथली मुख्य क्षेत्रं फेब्रुवारी २०२० मध्ये बंद पडली. त्याच खोऱ्यात ओएनजीसीच्या खोल समुद्रातल्या प्रकल्पातून पहिलं तेल जानेवारी २०२४ मध्ये आलं, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने. म्हणून "नवीन साठा सापडला" ही बातमी वाचून लगेच बाय दाबू नका. बातमी आणि बॅरल यांच्यामध्ये कधीकधी दहा वर्षं असतात.

'तेल कंपनी' म्हणजे वेगवेगळे धंदे

कापसाचं उदाहरण घेऊ. कास्तकार कापूस पिकवतो, जिनिंगवाला तो विकत घेऊन सरकी वेगळी करतो, आणि जिनिंगची मशीन भाड्याने देणारा वेगळाच असतो. कापूस महाग झाला तर कास्तकार खूश, जिनिंगवाल्याची मात्र खरेदी महाग. तेलात पण हेच आहे.

पहिला गट, तेल काढणारे. ओएनजीसी, ऑइल इंडिया. हे कास्तकाराच्या जागी. भाव वाढला की यांचं उत्पन्न वाढतं.

दुसरा गट, तेल शुद्ध करून विकणारे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम. गावोगावी ज्यांचे पंप दिसतात ते. कच्चं तेल हा यांचा कच्चा माल. ते महाग झालं आणि पंपावरचा भाव वाढवता आला नाही तर हे तोट्यात जातात. एप्रिल २०२२ नंतर बराच काळ पंपावरचे भाव कंपन्यांनी वाढवले नाहीत. त्या एप्रिल ते जून तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमला १० हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे कच्चं तेल उतरलं आणि २०२३-२४ या पूर्ण वर्षात त्याच कंपनीने १४ हजार कोटींहून अधिक नफा कमावला. तेल स्वस्त झालं आणि 'तेल कंपनी' फायद्यात आली!

तिसरा गट, रिग आणि सेवा देणारे. यांना तेलाच्या भावाशी थेट देणंघेणं नसतं, पण भाव पडले की तेल कंपन्या ड्रिलिंग कमी करतात आणि यांच्या रिग रिकाम्या पडतात. चेन्नईच्या अबान ऑफशोअरचा शेअर २००८ मध्ये चार आकडी होता. डोक्यावर मोठं कर्ज, त्यात २०१४ नंतर तेल कोसळलं, आणि शेअर दोन आकड्यांत आला.

अजून एक गुंता आहे. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने सरकारकडून हिंदुस्तान पेट्रोलियमचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना विकत घेतला. म्हणजे आज ओएनजीसीचा शेअर घेतला तर तुमच्या पदरात कास्तकार पण येतो आणि जिनिंग पण. म्हणून निकाल बघताना फक्त मूळ कंपनीचा आणि सगळ्या उपकंपन्या धरून असलेला, असे दोन वेगळे आकडे दिसतात. ते एकमेकांत मिसळू नका.

एका डॉलरचा हिशोब

आता मोबाईलवर शीट उघडा, आपण ढोबळ गणित करू. ओएनजीसी वर्षाला साधारण २ कोटी टन कच्चं तेल काढते असं धरू. एक टन म्हणजे अंदाजे ७.३३ बॅरल. म्हणजे झाले १४.६६ कोटी बॅरल. भाव बॅरलला एक डॉलरने वाढला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर उत्पन्न वाढलं सुमारे १,२४६ कोटी रुपयांनी. कंपनीचे शेअर आहेत १,२५८ कोटी. म्हणजे तेल एक डॉलर वाढलं की प्रत्येक शेअरमागे उत्पन्न जवळपास एक रुपया वाढतं.

लक्षात ठेवायला किती सोपं आहे! पण हा एक रुपया तुमच्यापर्यंत येईस्तोवर कापला जातो. सुमारे २० पैसे उपकरात, १० पैशांच्या आसपास रॉयल्टीत, आणि उरलेल्यातला पाव हिस्सा कंपनीच्या आयकरात. हाती राहतात साधारण ५० पैसे.

२०२३-२४ मध्ये मूळ कंपनीचा नफा ४० हजार कोटींच्या आसपास होता, म्हणजे शेअरमागे ३२ रुपये. तेल १० डॉलरने पडलं तर त्यातले ५ रुपये जातात. जवळपास सहावा हिस्सा, तो पण कंपनीची काहीही चूक नसताना.

आता भावाऐवजी उत्पादन बदलून बघा. ७५ डॉलर भाव धरला आणि उत्पादन ५ टक्के घटलं, तर विक्री साडेचार हजार कोटींहून जास्तने कमी होते. शेअरमागे पावणेचार रुपये. फरक एवढाच की भाव पुढच्या महिन्यात परत वर जाऊ शकतो, म्हातारी विहीर आपणहून तरुण होत नाही. म्हणून टीव्हीवर भावाची चर्चा जास्त असली तरी तुमचं लक्ष उत्पादनाच्या आकड्यावर असू द्या.

(गॅसची विक्री या हिशोबात धरलेली नाही. गॅसच्या भावाचे नियम वेगळे आहेत.)

घरातला मोठा भागीदार: सरकार

ओएनजीसीत जवळपास ५९ टक्के हिस्सा केंद्र सरकारचा आहे. सरकार इथे मालक आहे, कर घेणारं आहे आणि पंपावरच्या भावाची काळजी करणारं पण आहे. या तिन्ही भूमिका एकाच वेळी शेअरहोल्डरच्या सोयीच्या असतीलच असं नाही.

दोन उदाहरणं बघा.

पहिलं, सबसिडी. डिझेलचे भाव ऑक्टोबर २०१४ मध्ये खुले होईपर्यंत डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस खर्चापेक्षा स्वस्त विकला जायचा. त्या तोट्याचा एक भाग ओएनजीसीने उचलायचा, म्हणजे आपलं तेल सूट देऊन विकायचं. २०१३-१४ मध्ये ही सूट ५६ हजार कोटींच्या पुढे गेली. बाजारात तेल १०० डॉलरच्या वर, आणि कंपनीच्या हाती बॅरलमागे ४० च्या आसपास डॉलर. म्हणजे तेव्हा तेल वाढलं म्हणून ज्यांनी शेअर घेतला, त्यांना वाढ मिळालीच नाही. ते स्वस्त डिझेल मात्र आपल्याच वावरातल्या ट्रॅक्टरमध्ये जात होतं, हे पण खरं. एकाच निर्णयात कास्तकाराचा फायदा आणि शेअरहोल्डरचा तोटा होता.

दुसरं, विंडफॉल टॅक्स. युक्रेन युद्धानंतर तेल भडकलं आणि १ जुलै २०२२ ला सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये जादा कर लावला. भागून बघा: ७.३३ ने भागलं की बॅरलला ३,१७२ रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने ४० डॉलर! त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर सुमारे १३ टक्के पडला. कर पुढे कमी-जास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. पण लक्षात काय ठेवायचं? तेल फारच वाढलं तर वरची मलई सरकार घेऊ शकतं, आणि तेल पडलं तर तोटा भरून द्यायला कोणी येत नाही.

२००४ ला घेतलेल्या एका शेअरचं काय झालं?

मार्च २००४ मध्ये सरकारने ओएनजीसीचे शेअर जनतेला विकले, भाव ७५० रुपये. समजा एखाद्याने एक शेअर घेतला. २००६ मध्ये दोनावर एक बोनस, २०११ मध्ये शेअरचे दोन तुकडे आणि एकावर एक बोनस, २०१६ मध्ये परत दोनावर एक बोनस. गुणाकार करा: १.५ × २ × २ × १.५ = ९. म्हणजे एका शेअरचे ९ झाले आणि प्रत्येकाची मूळ किंमत पडली सुमारे ८३ रुपये.

आता मार्च २०२०. कोरोना, लॉकडाऊन, तेल कोसळलेलं. शेअर ७० रुपयांच्याही खाली गेला. सोळा वर्षं थांबून, डिव्हिडंड सोडला तर, मुद्दल पण पूर्ण नव्हतं. ७ टक्क्यांची साधी एफडी असती तर तेवढ्या वर्षांत पैसे जवळपास तिप्पट झाले असते.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तोच शेअर ३४० च्या वर गेला. म्हणजे ७५० चे ३,०६० झाले. वीस वर्षांत चौपट, वर्षाला साधारण ७ टक्के, आणि वरून डिव्हिडंड. एकट्या २०२३-२४ मध्ये शेअरमागे १२.२५ रुपये डिव्हिडंड मिळाला, म्हणजे ९ शेअरवर ११० रुपये. वाईट नाही.

दोन्ही आकडे एकाच शेअरचे आहेत. फरक फक्त कोणत्या तारखेला थांबून मागे बघितलं याचा. कापसाचं पण तसंच झालं ना? २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला १० हजारांच्या पुढे भाव गेला, बऱ्याच जणांनी पुढच्या वर्षी पेरा वाढवला किंवा माल घरात भरून ठेवला, आणि मग भाव उतरला. ज्या मालाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो त्याचं चक्र असंच फिरतं. सगळे "अजून वाढणार" म्हणत असतात तेव्हा घेणारा अनेकदा चक्राच्या टोकावर असतो.

समुद्राची जोखीम

एक्सेलमध्ये न दिसणारी पण एक गोष्ट आहे. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला 'समुद्र सुरक्षा' हे सहाय्यक जहाज धडकलं. एका जखमी कर्मचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर हलवताना हे घडलं. वायूचा पाइप फुटला, आग लागली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म संपला. २२ माणसं गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात याच भागात कंत्राटी कामावर असलेलं पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा टग बुडाले, ८० हून अधिक कामगारांचा जीव गेला.

गुंतवणूकदार म्हणून एवढं समजून घ्या की डिव्हिडंडचा जो मेसेज मोबाईलवर येतो त्याच्या मागे अशी माणसं आहेत. आणि कंपनी सुरक्षेवर, जुन्या पाइपलाइन बदलण्यावर जो खर्च करते त्याला "वाया गेलेला पैसा" समजू नका. तो खर्च कमी झाला तर या वर्षीचा नफा वाढलेला दिसेल, पण धोका पण वाढलेला असेल.

शेअर वेगळा, क्रूडचा सौदा वेगळा

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. टेलिग्रामवर "क्रूड कॉल" देणारे ग्रुप असतात. ते शेअरबद्दल बोलत नसतात, तर एमसीएक्सवरच्या क्रूड फ्युचर किंवा ऑप्शनबद्दल बोलत असतात. एका लॉटमध्ये १०० बॅरल. थोडं मार्जिन भरून मोठा सौदा करता येतो, त्यामुळे फायदा पण मोठा दिसतो.

२० एप्रिल २०२० ला काय झालं ते बघा. लॉकडाऊनमुळे एमसीएक्सवर ट्रेडिंग संध्याकाळी ५ ला बंद व्हायचं. त्या दिवशी बंद होताना भाव बॅरलला हजार रुपयांच्या जरा खाली होता. "यापेक्षा अजून किती पडणार?" म्हणून घेणारे होते. रात्री अमेरिकेत साठवायला जागा उरली नाही म्हणून तेलाचा भाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरवर गेला. एमसीएक्सने त्याच हिशोबाने सौदा उणे २,८८४ रुपयांवर मिटवला. म्हणजे हजारच्या आसपास घेतलेल्या एका लॉटवर पावणेचार लाखांहून जास्त तोटा, आणि बाहेर पडायला बाजारच उघडा नाही.

शेअरमध्ये जास्तीत जास्त तुम्ही लावलेले पैसे जातात. फ्युचरमध्ये लावलेले जाऊन वरून द्यावे पण लागू शकतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासानुसार शेअर बाजाराच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. क्रूडमध्ये आपण त्या ७ जणांत असू, असं समजायला काही कारण नाही.

बाय दाबण्याआधी मोबाईलवर काय तपासाल?

१. कंपनी कोणत्या गटातली आहे: काढणारी, विकणारी की सेवा देणारी? एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून घेऊ नका.

२. मागच्या पाच वर्षांचं तेल आणि वायूचं उत्पादन. कंपनीच्या वार्षिक अहवालात मिळतं. वाढतंय, टिकून आहे की घसरतंय?

३. काढलेल्या तेलाच्या बदल्यात नवीन साठा किती जोडला? अहवालात हे गुणोत्तर देतात. एकापेक्षा जास्त असेल तर साठा भरतोय, कमी असेल तर आटतोय.

४. बॅरलमागे हाती आलेला भाव. बाजारभाव आणि हा भाव यात मोठी दरी असेल तर मधला पैसा कुठे गेला ते शोधा. भारतीय कच्च्या तेलाचा सरासरी भाव पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या संस्थेच्या साइटवर बघायला मिळतो.

५. कर्ज किती आणि डिव्हिडंड कशातून देतात? तेल ३०-४० डॉलरवर असताना पण कंपनी टिकली होती का, हे २०१५-१६ आणि २०२०-२१ च्या आकड्यांत बघा. जून २०१४ मध्ये ११५ डॉलरवर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं होतं. परत होऊ शकतं.

६. टिप देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का? सेबीच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. नसेल तर ग्रुप सोडा.

शेवटचं, पण आपल्या भागासाठी महत्त्वाचं

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं वर्ष कापूस आणि सोयाबीनच्या भावावर चालतं. म्हणजे घर आधीच अशा एका मालावर उभं आहे ज्याचा भाव आपल्या हातात नाही. त्यात बचतीचा मोठा हिस्सा तेलासारख्या दुसऱ्या मालावर ठेवला, तर दोन्ही भाव एकाच वर्षी पडू शकतात. बियाणं, खत, कॉलेजची फी, दवाखाना, यांचे पैसे तेल कंपनीच्या शेअरमध्ये नकोतच. त्यानंतर जे उरतं आणि पाच-सात वर्षं लागणार नाही, त्यातला छोटा हिस्सा ठेवायचा असेल तर ठेवा. वरची सहा उत्तरं वहीत लिहून मग ठेवा, म्हणजे शेअर २० टक्के पडला तरी आपण का घेतला होता ते आठवेल.

हा लेख समजून घेण्यासाठी आहे, कोणता शेअर घ्या किंवा विका असा सल्ला म्हणून नाही. त्यासाठी सेबी नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.

तुम्ही एखाद्या तेल कंपनीचा अहवाल उघडून उत्पादनाचा आकडा शोधला आणि तो सापडला नाही, तर कमेंटमध्ये कंपनीचं नाव लिहा. कोणत्या पानावर बघायचं ते नक्की सांगेन. आणि क्रूड कॉलच्या ग्रुपमध्ये असलेला एखादा मित्र असेल, तर त्याला हा लेख आजच पाठवा.